काचेआडचा अमेरिकन पोरखेळ

आमच्या घरात एक संग्रहालय होतं. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तलवारी, शिलालेख, निदान एखादी फुटकी मूर्ती तरी येते. आमच्या संग्रहालयात पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या. जुन्या, कोपरे उसवलेल्या, अमेरिकेतल्या पोराटोरांनी खेळून खेळून टाकून दिलेल्या. त्यांत पट, सोंगट्या आणि पत्त्यांचे जोड. सोलापुरासारख्या गावात, जिथे माणूस गिरणीच्या भोंग्याला उठतो आणि भोंग्यालाच पाठ टेकतो, तिथे हे पाहायला कोण येणार, हा प्रश्न आमच्या ह्यांना कधी पडला नाही. मला रोज पडायचा, कारण केरसुणी माझ्या हातात होती.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी उभ्या जन्मात उखाण्याखेरीज घेतलं नाही. आता या वयात कागदावर कशाला घेऊ? सासऱ्यांनी मैंदर्गीकडची जमीन विकून ह्यांना अमेरिकेला धाडलं होतं, सुताचं रंगकाम शिकायला. मुलगा परत येईल, गिरणीत रंगखात्याचा मोठा साहेब होईल, अशी घरादाराची समजूत. मुलगा परत आला तो एक कोट, एक हॅट आणि दोन ट्रंका घेऊन. पदवी कुठेतरी वाटेत राहिली होती. ट्रंकांत रंगांची पुस्तकं असतील म्हणून सासऱ्यांनी हौसेनं झाकण उघडलं, तर वर दाढीवाल्या म्हाताऱ्यांची चित्रं काढलेले पत्ते. सासरे तसेच उठले. माडीवर जाऊन निजले आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच खाली आले.

गिरणीनं ह्यांना दारातूनच परत पाठवलं. मग हे हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात संग्रहालय करायला लागले. रस्त्याकडची पुढची खोली, घरातली एकुलती एक उजेडाची खोली, त्यासाठी घेतली. सुताराकडून काचेची दोन कपाटं करवली. प्रत्येक पेटीखाली इंग्रजी-मराठीत चिठ्ठी डकवली आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली : ‘वस्तूंना हात लावू नये.’ जणू हात लावायला पेठेत झुंबड उडाली होती.

काय होतं त्या कपाटांत, ते एकदा सांगूनच टाकते. एक होता गोगलगाईच्या पाठीसारखा गोल गोल आत जाणारा पट. घरोघर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले. खरं बोललात तर पुढे चला, आळस केलात तर मागे या, असं करत करत मधल्या सुखाच्या बंगल्यात पोचायचं. त्या पटाला फासे नव्हते. जुन्या काळचे ते भाविक अमेरिकन फाशाला पाप मानीत, म्हणून त्यांनी फाशावरचेच आकडे एका सहा कोनी भोवऱ्यावर छापले आणि भोवरा फिरवायला लागले. तीच संख्या, तेच दैव, पण भोवऱ्यातून आलं की पुण्य. हे त्या भोवऱ्याकडे बोट दाखवून सांगताना ह्यांचा चेहरा गंभीर व्हायचा, आणि मला पदर तोंडाशी धरावा लागायचा.

दुसऱ्या एका पटावर तारऑफिसातल्या तारा पोचवणारा पोऱ्या घर घर चढत पेढीचा मालक व्हायचा. ह्यांना तो फार आवडे. एवढं चढून स्वतः हायस्कुलातल्या खुर्चीवर येऊन बसले होते, त्याचं काय, असं मी मनात म्हणे. दाढीवाल्यांचे पत्ते होते ते तिकडच्या लेखकांचे. चार चार पानांचा जोड जमवायचा. आणि एक पत्त्यांचा खेळ असा, की लग्न न झालेल्या म्हाताऱ्या बाईचं पान शेवटी ज्याच्या हातात राहील तो हरला. बिनलग्नाच्या बाईची टिंगल करायला त्या लोकांना छापखाना लागला होता. आमच्याकडे तेच काम बायका नळावर फुकट करत.

सासूबाईंना घरात पत्ते आणि पट आल्याचं पहिल्यांदा मोठं संकट वाटलं होतं. जुगारानं पांडवांचं काय झालं ते त्यांना कीर्तनात ऐकून पाठ होतं. पण फासे नाहीत हे ह्यांनी पटवून दिल्यावर त्या शांत झाल्या, आणि तो गोल पट नीट बघून म्हणाल्या, “अरे, हा तर आपला मोक्षपट की! माझ्या पेटीत आहे तो. एकादशीला आम्ही खेळायचो माहेरी. एवढ्यासाठी बोटीत बसून गेलास होय रे?”

मला त्या दिवशी सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले. मोक्षपट त्यांच्या पेटीत खरोखरच होता, मांजरपाटाच्या कापडावर रंगवलेला, साप आणि शिड्या असलेला, कवड्यांची पिशवी त्याच्यातच गुंडाळलेली. ह्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. “हा रोजचा आहे,” म्हणाले. रोजच्या वस्तू संग्रहालयात ठेवत नाहीत.

पाहायला येणारे लोक म्हणजे ह्यांच्या हायस्कुलातले मास्तर आणि वाचनालयाच्या कमिटीतले दोघेचौघे. कपाटापुढे उभे राहून “वा, वा, केवढी दूरदृष्टी!” म्हणायचे आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे लावायचे. पोहे आले की दूरदृष्टी संपायची. त्यांतल्या एकालाही कधी, हे खेळतात कसं, असं विचारावंसं वाटलं नाही. ह्यांनीही सांगितलं नाही. मला वाटायचं, येत असणार. अमेरिकेत दुसरं केलं काय होतं?

आता त्या खोलीवर माझा डोळा का होता, ते सांगते. मी मराठी सातवी पास होते. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी शब्द दिला होता, की मुलीचं शिक्षण फुकट घालवणार नाही. आमच्या मागच्या आळीत तेलुगू विणकरांची घरं होती. घरोघरी माग, आणि मुली पहाटेपासून सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांतली एक बाई आमच्याकडे ताक न्यायला यायची. एक दिवस ती उंबऱ्याशी बसून म्हणाली, “बाई, तुमी शिकलेल्या हाय. माझ्या पोरीला दोन अक्षरं शिकवा की. मागाम्होरं बसून तिचं डोळं जातील, मग कोण शिकवल?”

मी मुलींना स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत बसवायला लागले. एकीच्या दोघी, दोघींच्या पाच-सहा झाल्या. पडवीत उजेड नाही, बंबाचा धूर, पाट्यांवर राखेचे कण. स्कूलबोर्डाचे तपासनीस एकदा येऊन गेले. भला माणूस होता. म्हणाले, “बाई, वर्ग चांगला चालवलाय, पण इथे मान्यता देता येणार नाही. उजेडाची, रस्त्याकडून दार असलेली खोली दाखवा. मार्गशीर्षात पुन्हा येतो. तेव्हा नसेल तर मग विसरा.”

मी ह्यांना विचारलं. सरळ विचारलं. “पुढची खोली सकाळचे दोन तास द्या.”

“आणि संग्रह?”

“कपाटं आहेत तिथेच राहतील. पोरी काही खाणार नाहीत तुमचा संग्रह.”

“अगं, मुलं आली की हात लागणार. काच फुटणार. ह्या वस्तू पुन्हा मिळणाऱ्या नाहीत.”

“मुलीही पुन्हा लहान होणार नाहीत,” मी म्हणाले. हे वर्तमानपत्र वाचायला लागले. हा ह्यांचा नेहमीचा खाक्या. तोंडावर वर्तमानपत्र आलं की समजायचं, निकाल लागला. त्या दिवसापासून ती काच पुसताना मी ओठ घट्ट मिटून घेत असे, नाहीतर कपाटातल्या त्या दाढीवाल्यांनाच शिव्या ऐकाव्या लागल्या असत्या.

त्याच वर्षी दसऱ्याला सासूबाईंनी एक गोष्ट केली. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुजायची आमची रीत. विळी, अडकित्ता, सासऱ्यांची जमीन मोजायची साखळी, माझी पाटी, सगळं पाटावर मांडलं. सासूबाई म्हणाल्या, “आणि त्याचं? तो ज्याच्यावर जगतो ते नको होय पुजायला?” हे हायस्कुलात गेले होते. किल्ली फळीवर होती. सासूबाईंनी कपाट उघडलं आणि प्रत्येक पेटीला हळदकुंकवाचं बोट लावलं. दाढीवाले लेखक त्यांना कोणी ऋषिमुनी वाटले असावेत, कारण त्यांच्या जोडातल्या वरच्या पानावरच्या म्हाताऱ्याच्या बरोबर कपाळावर त्यांनी कुंकू टेकवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नमस्कार केला. मीही केला. कशाला खोटं बोलू? मला हसू येत होतं, पण पूजा मांडलेल्या वस्तूला सून नमस्कार करते, त्यात विचार करण्याजोगं काही नसतं. हे घरी आल्यावर कपाळाला हात लावून बसले. कुंकू तेलातलं होतं, पुठ्ठ्यात मुरलं. पुसायला गेले असते तर म्हाताऱ्याचं कपाळच निघून आलं असतं.

दिवाळी झाल्यावर मिशनच्या बंगल्यावर अमेरिकेहून कोणी बाई पाहुणी आली. हिंदुस्थान बघत हिंडत होती. ह्यांनी तिला संग्रहालय बघायला यायचं आमंत्रण धाडलं, आणि ती यायला तयार झाली. मग आमच्या घरात जी धावपळ उडाली ती मुंजीलाही उडाली नसती. कपाटं लख्ख केली ती मी. शेंगापोळ्या केल्या त्या मी. ह्यांनी ट्रंकेतला तो कोट काढला. तो आता पोटावर बसत नव्हता, तरी बसवला. आरशासमोर उभे राहून इंग्रजीत काहीतरी पाठ करत होते. इतकी वर्षं त्या पेट्यांना विचारणारं कोणी आलं नव्हतं, आणि आज त्यांच्या माहेरचं माणूस येणार होतं. खरं सांगायचं तर मला उलट्या कारणानं बरं वाटत होतं. म्हटलं, ही बाई तिकडची, हिला किंमत माहीत. हिनं एकदा सांगितलं की हा केरकचरा आहे, की सुटले मी. मार्गशीर्ष तोंडावर आला होता.

बाई आली. उंच, उन्हानं लाल झालेली, पायांत पुरुषी बूट. सोबत मिशनच्या शाळेतल्या एक मराठी मास्तरीणबाई होत्या, आम्हा बायकांना समजावून सांगायला. सासूबाई आणि मी दाराशी उभ्या. ह्यांनी भाषण सुरू केलं. दोन वाक्यंही झाली नसतील, बाईनं स्वतःच कपाट उघडलं. वर पाटी इंग्रजीतही होती. तिनं पेटीचं झाकण काढलं, पट उचलला आणि खो खो हसायला लागली. मास्तरीणबाईंनी आम्हाला हळूच सांगितलं, “म्हणतात, हे तर आमच्याकडे माळ्यावर पडलेलं असतं. आजी मेली की चर्चच्या जत्रेत विकायला काढतात.”

झालं, मी मनात म्हटलं. सुटले.

मग तिच्या हाती तो पत्त्यांचा जोड लागला. कपाळावरचं कुंकू बघून तिनं विचारलं, हे रक्त आहे का? ह्यांनी काहीतरी पुटपुटत खुलासा केला. तशी ती एवढी हसली, की तिला टेबलाला धरावं लागलं. सासूबाईंकडे बोट करून काही बोलली. मास्तरीणबाई पदर सावरायला लागल्या. “काय म्हणाल्या?” मी विचारलं. “घरी जाऊन सांगणार आहेत,” त्या खाली बघत म्हणाल्या, “की हिंदुस्थानात आमच्या पत्त्यांची पूजा करतात.” सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. पाहुणी आपल्याकडे बघून हसते आहे म्हणून त्याही हसल्या आणि त्यांनी हात जोडले.

तेवढ्यावर भागलं नाही. बाई म्हणाली, चला खेळू या, आणि टेबलावर तो गोल पट मांडून बसली. हे समोर बसले. भोवरा उचलला आणि फिरवायला गेले तो लगेच पडला. पुन्हा फिरवला, पुन्हा पडला. सोंगटी कुठून सुरू करायची ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मधल्या बंगल्यातच ठेवली. बाईनं ती उचलून बाहेरच्या घरात ठेवली आणि ह्यांच्या हातावर थोपटलं, बालवर्गातल्या मुलाला थोपटतात तसं. मग काहीतरी विचारलं. हे कोटाचं बटण चाचपत बसले. मास्तरीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “विचारतात, अमेरिकेत तुम्ही कोणाबरोबर खेळत होता?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्यांना हसायचं तर मी हसेन. आणि मी हसले होते, वर्षानुवर्षं, तो माझा हक्क होता, मी त्यांची केरसुणी वाहिली होती. ही कोण? मी पुढे झाले. परपुरुष-परक्यांसमोर पुढच्या खोलीत मी तोवर कधी अशी गेले नव्हते. तिच्या कोपराशी ते कुंकवाचं पान पडलं होतं, ते उचललं आणि मास्तरीणबाईंना म्हटलं, “बाईंना सांगा, आमच्या घरात पूजलेली वस्तू आहे ही. हसायला काढलेली नाही. आणि सगळं सांगा, गाळू नका.” मास्तरीणबाईंनी बरंच गाळलं असावं, कारण पाहुणीनं माझ्याकडे बघून गोड मान हलवली. मग दोन शेंगापोळ्या खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली आणि गेली. पोळ्या मात्र तिला माळ्यावर टाकायच्या वाटल्या नाहीत.

संध्याकाळी हे कपाटापुढे बसून नखानं चिठ्ठ्या खरवडत होते. मी दिवा लावायला गेले, तर मागे न बघता म्हणाले, “खोली घे तू. उद्या कपाटं माडीवर न्यायला सांगतो.”

जी खोली मागून मागून माझी जीभ झिजली होती, ती अशी मिळत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आला तो रागच, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

“येत नव्हतं, तर जमवलं कशाला एवढं?” मी म्हटलं.

त्यांनी हातातली चिठ्ठी पुरती खरवडून काढली. मग म्हणाले, “तिकडे मी राहायचो ते घर एका म्हातारीचं होतं. माडीवर माझी खोली. रविवारी संध्याकाळी खाली सगळे जमायचे, लेकी, जावई, नातवंडं. हाच पट मांडायचे. मी जिन्यात बसून ऐकायचो. भोवऱ्याचा आवाज यायचा, मग हसणं. मला वाटायचं, एखादा गडी कमी पडला तर हाक मारतील.” त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीला नख लावलं. “म्हातारी गेली, तेव्हा लेकींनी ह्या पेट्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. मी विचारलं, घेऊ का? म्हणाल्या, घे. मग तसल्या दिसतील तिथे घेत गेलो.”

एवढा शिकलेला माणूस, सात समुद्र ओलांडून गेला, आणि जिन्यात बसला. मला त्यांची कीव आली नाही. कीव करायची मला सवय नव्हती. मला त्या सगळ्यांचा संताप आला, त्या म्हातारीचा, तिच्या लेकींचा, त्या जावयांचा. एक माणूस वर बसलेला आहे हे त्यांना माहीत नव्हतं? आणि ह्यांचाही आला. उठून खाली जाऊन बसायला काय झालं होतं?

मी कपाट उघडलं, पट काढला आणि जमिनीवर मांडला. “बसा,” म्हटलं.

“आई आहे,” हे म्हणाले. त्या काळी सासूदेखत नवराबायको समोरासमोर बसत नसत, खेळत तर नसतच. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तशाच आत गेल्या. मला वाटलं, आता चांगलं ऐकवणार. त्या आल्या त्या कवड्यांची पिशवी घेऊन.

“त्या भोवऱ्याचं काही खरं नाही,” म्हणाल्या, आणि मांडी घालून पटाशी बसल्या. “मलाही घ्या. मोक्षपटात मला आमच्या गावात कोण हरवत नव्हतं.”

“आई, अगं त्यांच्यात फासे-कवड्या पाप धरतात,” हे म्हणाले.

“ते तिकडं,” सासूबाई म्हणाल्या आणि कवड्या टाकल्या.

तपासनीस मार्गशीर्षात आले, खोली बघून गेले आणि वर्गाला मान्यता मिळाली. कपाटं माडीवर गेलीच नाहीत. मी त्यांत पाट्या ठेवल्या. ‘हात लावू नये’ ही पाटी उलटी करून तिच्यावर मुळाक्षरं लिहिली. शनिवारी वर्ग सुटला की पोरी पेट्या काढायच्या. ओकटि, रेंडु, मूडु असं तेलुगूत मोजत सोंगट्या सरकवायच्या. इंग्रजीतली दुर्गुणांची घरं त्यांना वाचता यायची नाहीत, त्यामुळे त्यांच्या खेळात मागे कोणी येतच नसे. लेखकांच्या दाढ्यांना डाग पडले, म्हाताऱ्या बाईचं पान कोणीतरी शोभेसाठी आपल्या परकरावर शिवून घेतलं, तारवाल्या पोऱ्याचा पट घडीवर दुमडून दुमडून त्याचे दोन तुकडे झाले. काही वर्षांत संग्रहालय नावाला उरलं नाही. वाचनालयाच्या कमिटीतल्या एकांनी फार हळहळ व्यक्त केली, आणि पोहे खाल्ले.

गडी कमी पडला की मी आतल्या खोलीकडे तोंड करून “अहो” अशी हाक मारायची. ह्यांना तो खेळ कधीच नीट आला नाही. सोंगटी भलत्या घरात न्यायचे, कवड्या टाकल्या की त्या कपाटाखाली जायच्या, आणि आठ वर्षांची पोर त्यांना हरवून टाळ्या पिटायची. अशा माणसाला खेळायला घेणं म्हणजे डावाची माती. पण हाक ऐकली की हे हातातलं वर्तमानपत्र तसंच टाकून यायचे, आणि कधी कधी हाक मारायच्या आधीच दारात येऊन उभे असायचे.